एकाच रक्ताच्या दोन काचा

आष्ट्याचा भरतेश वीस वर्षं रक्त तपासतो. बहीण कस्तुरीचा मुलगा आर्जव आणि भरतेशची लेक ब्राह्मी, दोघांची सुपारी फुटली. मामाची लेक सून म्हणून आणायची, ही आमच्याकडची रीत. लग्नाआधी रक्त तपासा, असं गावाला सांगतो ते आधी घरात करावं, म्हणून त्यानं दोघांचं रक्त काचेवर पसरलं. दोन्हीकडं मधोमध ठिपका आणि भोवती फिकट कडं असलेल्या, नेमबाजीच्या फळीसारख्या लक्ष्यपेशी दिसल्या. मोठ्या तपासणीत दोघांतही थॅलेसेमियाचा दोष निघाला. दोघं धडधाकट, पण त्यांच्या लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त लागू शकतं. भरतेशनं हे कस्तुरीला सांगितलं.

"दादा, पोरगी द्यायची न्हाई तर सरळ सांग की! माझ्या पोराच्या रक्ताला कशाला नावं ठेवतोस?"

"कस्तुरे, ते माझंबी रक्त हाय गं."

ती उठून गेली. भाऊबीजेला भरतेश दिवेलागणीपर्यंत पाटावर बसून होता.