डावऱ्याचा कॅच

माझा दादा बेसबॉल खेळायचा, असं सांगितलं की आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत लोक अजूनही विचारतात, "म्हणजे ते अमेरिकेतलं?" हो, तेच. फक्त आमच्याकडे ते अकरावी-बारावीच्या मुलांनी, त्यातही क्रिकेटच्या संघातून गाळलेल्यांनी, खो-खोच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारून खेळायचं असतं. शिकवणारे सरही मूळचे खो-खोचेच. ते आज जे वाचत, ते उद्या मुलांना शिकवत.

दादा मात्र खरोखरच चांगला होता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मला त्याच्याविषयी बरंच वेगळं सांगता येईल. तो डावरा. पिचर म्हणून चेंडू टाकायला उभा राहिला की समोरच्याची बॅट हवेतच फिरायची. बारावीच्या वर्षी विभागीय स्पर्धेत त्याने जवळजवळ एकट्याने संघ ओढत नेला. आता राज्याच्या संघात निवड होणार, मग खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागणार, हे आईने गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

त्याच्याकडे नव्हता तो फक्त ग्लोव्ह. बेसबॉलमध्ये ज्या हाताने फेकायचं, त्याच्या दुसऱ्या हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह घालून चेंडू झेलतात. कॉलेजचे ग्लोव्ह जेमतेम पुरायचे आणि सगळे डाव्या हातात घालायचे. समोरच्या संघाकडे कमी असले, तर आमची मुलं बॅटिंगसाठी बाहेर येताना आपले ग्लोव्ह गवतावर टाकून यायची आणि त्यांची मुलं तेच उचलून घालायची. दादाने एकदा त्यातला एक उजव्या हातात घालून पाहिला, तर अंगठा करंगळीच्या जागी जायला लागला. सर म्हणाले, "अरे, पिचरला ग्लोव्ह कशाला? तुझं काम टाकायचं. झेलायला बाकीचे हायेत की!" सर चांदवडकडचे. त्यांचा दादावर फार जीव होता, त्यामुळे ते म्हणाले की दादाला पटायचंच. तो उघड्या हातांनी खेळत राहिला.

त्याच विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटचा एक गडी बाद करायचा उरला होता. त्याने चेंडू मारला तो सरळ दादाच्याच छातीवर. क्रिकेट खेळत वाढलेलं कुठलंही पोर करील तेच दादाने केलं, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. चेंडू ओंजळीत राहिला आणि डाव्या हाताची मधली दोन बोटं मोडली. मी तारेच्या कुंपणापाशी उभी होते. मुलांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं, आणि तो हसत होता, घामाने निथळत होता, चेंडू सोडत नव्हता. सरांनी रसाच्या गाडीवरून बर्फ आणला, बोटं एकमेकांना बांधली आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याला त्याला पुन्हा उभं केलं. मग मोठ्या मायेने स्वतःच्या गाडीवर बसवून आपल्या गावाकडच्या हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. "काय नाय, पंधरा दिवसांत मोकळा," असं तो म्हणाला म्हणे. हाड बसलं ते वाकडं. निवड चाचणीत दादाच्या हातातून चेंडू भलतीकडेच जात राहिला, आणि आईने गल्लीत त्या विषयावर बोलणं बंद केलं.

पुढे तो नाशिकमधल्याच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागला. आधी मशीनवर घेतलं होतं, पण पकड नाही म्हणून पॅकिंगला टाकलं. चाळिशी उलटली तरी तिथेच आहे. डब्याचं झाकण उघडताना ती दोन बोटं ताठ बाहेर राहतात. शर्टाची बटणं वहिनी लावते. थंडीत हात ठणकतो आणि नाशिकची थंडी काही कुणाची भीड ठेवत नाही. मला सरांचा राग यायचा. अगदी मनापासून यायचा.

दादाला यायचा नाही. त्याच्याकडे कॅच होता ना! पाहुणे आले, कंपनीत नवी पोरं आली, कुणाचा जावई पहिल्यांदा जेवायला आला, की कॅच निघायचा. दर वर्षी चेंडूचा वेग थोडा वाढायचा. आम्ही चिडवायचो की आता चेंडू दिसतही नसेल. पण सांगताना दादा खुर्चीत ताठ बसायचा, आवाज मोठा व्हायचा, मोडका हात सगळ्यांना दाखवायचा. एरवी तो हात तो खिशात ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. दादा मलाही घेऊन गेला. सर आले होते, आता काठी टेकत चालतात. माईकवर त्यांनी कॅच सांगितला, दादापेक्षाही रंगवून. "असा पोरगा पुन्हा झाला नाय!" टाळ्याच टाळ्या. शाल पांघरलेला दादा लग्नातल्या नवरदेवासारखा लाजत उभा होता. मी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

चहाच्या वेळी एका टेबलावर कॉलेजचं नवं सामान मांडलं होतं. त्यात एक ग्लोव्ह उजव्या हाताचा होता. सध्या संघात एक डावरी मुलगी आहे, तिचा. दादाने तो उचलला आणि घालून पाहिला. अगदी मापात बसला. डाव्या हाताने त्यात दोनतीनदा थापटून तो म्हणाला, "मस्त आहे गं."

मला राहवलं नाही. सर शेजारीच बिस्कीट बुडवत होते. मी विचारलं, "सर, हा तेव्हा का नव्हता?"

मला वाटलं होतं, कॉलेजकडे बोट दाखवतील, काहीतरी सारवासारव करतील. सर ग्लोव्हकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरी, असा येतो हेच मला ठाव नव्हतं. दुकानदाराने दिले ते आणले. मला वाटलं, डावऱ्याला ग्लोव्ह नसतोच."

मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी कबूल केलं होतं. दादाने ग्लोव्ह काढला, नीट टेबलावर ठेवला आणि चहा अर्धा सोडून म्हणाला, "चल."

स्कूटर मी चालवत होते. घरी येईपर्यंत त्याने तो हात खिशातच ठेवला होता. दारातच वहिनीने विचारलं, "सांगितला का सरांनी कॅच?" तो "हं" म्हणून आत गेला. मी मागोमाग गेले. तो पलंगावर बसला होता, शाल अजून अंगावरच होती.

"तुला काय मिळालं गं ते विचारून?"

"दादा, तुझी काही चूक नव्हती. हे कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं."

"चूक?" तो म्हणाला. "अगं, मी कॅच घेतला होता. इतकी वर्षं मी कॅच घेतला होता. आता माझा नुसता हात मोडलाय."