बैल मोफत मिळवा

बाबा मंगळवारी गेले.

ते गुरांचे डॉक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं कंधार तालुक्यात गेली. बऱ्या केलेल्या प्रत्येक जनावराचा ते फोटो काढत आणि मालकाला म्हणत, "प्रत देतो." प्रत त्यांनी कधीच कुणाला दिली नाही. (विसराळू म्हणावं, तर त्या बैलांची नावं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती!) तेरावं झाल्यावर आईने फोटोंची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. "वर्षश्राद्धाच्या आत ज्याचं त्याला पोचलं पाहिजे," ती म्हणाली. "ह्यांचा शब्द अडकून राहिलाय."

मालकांचे पत्ते कुणाकडे नव्हते. पण मोबाइल आता प्रत्येक गावात होता. म्हणून वेबसाइट काढायचं ठरलं. मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, तेव्हा यादी-नोंदीचं काम मला जमेल असा घरचा समज. वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर चक्क फुकट निघालं. ते कसं बनवलंय तेही उघडं ठेवलेलं. कुणीही आत डोकवावं, दुरुस्त करावं. त्याला जोडायचे सुटे भाग, म्हणजे प्लगइन, तर मोजता येणार नाहीत इतके. काही विकतचे, पण कितीतरी फुकट. पुस्तक उशिरा आणलं म्हणून दंड वसूल करण्यात जिचा जन्म गेला, त्या बाईला हे पचेना. कोण ही माणसं? त्यांना ह्यातून काय मिळतं?

लातूरच्या दाजींना हे पटणं शक्यच नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे शिकवणीचे वर्ग आहेत. फी जितकी जबर तितकं पोरगं मन लावून शिकतं, हा त्यांचा सिद्धान्त प्लगइनलाही लागू होता. पैसे भरलेले असले की भांडता तरी येतं. फुकटवाल्याशी कोणत्या तोंडाने भांडणार, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, भांडायची वेळ येईलच कशाला?

आली. फोटोंसाठी घेतलेलं फुकट प्लगइन थोडे फोटो दाखवून थांबलं आणि पुढच्यांसाठी पैसे मागू लागलं. दाजींनी फोनवर नुसतं "हं" केलं. त्या "हं"मुळे मी हट्टाला पेटले आणि दुसरं फुकट प्लगइन शोधलं. ते होतं दुकानदारांसाठी, पण फोटो हवे तेवढे घेत होतं. शिवाय कुणा अनोळखी माणसाने त्याचं मराठी करून ठेवलेलं, तेही फुकट! प्रत्येक फोटोला ते दोन गोष्टी विचारी. किंमत? मी जागा रिकामी सोडली. साठा किती? प्रत्येक बैलापुढे मी एक लिहिलं. पहिल्या पानावर बाबांचा फोटो चढवला, तेव्हा त्याने तिथेही विचारलं. खोटी नोंद करायची मला सवय नाही. मी शून्य लिहिलं.

फोटो चढवता चढवता वर्ष सरलं. वर्षश्राद्धाच्या सकाळी कुठे साइट, माझा नंबर आणि घरचा पत्ता गावोगावच्या ग्रुपवर पाठवला. पाटावर गुरुजी बसतात न बसतात तोच पहिला फोन आला.

"मॅडम, बैल फुकट हाय म्हणं?"

साइट मी आजवर आतल्या बाजूने पाहत आले होते. बाहेरून येणाऱ्याला काय दिसतं, ते पाहायचं सुचलंच नव्हतं. आता पाहिलं. प्रत्येक लाल कंधारी बैलाखाली एक हिरवं बटण होतं: "मोफत मिळवा." फोन थांबेनात. अर्धापूरच्या एकाला जोडीच हवी होती. हे बैल कधीच मेले हो, असं मी एका गृहस्थांना समजावलं, तर मग जाहिरात कशाला केली म्हणून ते रागावले. शेवटी हिमायतनगरच्या एका माणसाने सांगितलं की बटण दाबलंय, टेम्पो घेऊन निघालोय, आणि फोन ठेवला.

बटण काढायला सगळ्यांची मदत व्हावी म्हणून दाजींनी साइट टीव्हीवर लावली. पहिलं पान उघडलं. बाह्या दुमडलेले बाबा, बैलाच्या वशिंडावर हात. आणि खाली ठळक अक्षरांत: "सध्या उपलब्ध नाही. पुन्हा आल्यावर कळवायचे असल्यास ई-मेल लिहा."

गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले. दाजी रिमोट शोधू लागले. तो त्यांच्याच हातात होता.

आईने चष्मा लावला. सगळं नीट वाचलं. मग म्हणाली, "माझं नाव लिही त्यात."

"आई, ते मशीन आपोआप..."

"असू दे. लिही."

आईला ई-मेल नव्हता. तिथल्या तिथे काढला आणि लिहिला. टीव्हीवर उत्तर उमटलं: "धन्यवाद. नक्की कळवू." दाजी बाहेर जाऊन उभे राहिले.

पानं मांडायच्या वेळेला टेम्पो आला. मी हात जोडूनच सामोरी गेले आणि माफी मागू लागले. टेम्पोवाला गोंधळला.

"बैल कशाला ओ? त्यो कवाच गेला," तो म्हणाला. "फोटो पायजे व्हता. डॉक्टरसाब देतो म्हणले व्हते माझ्या बापाला."

टेम्पोत केळी होती. तो त्याचा रोजचा धंदा. मी ट्रंकेतला फोटो दिला. त्याने तो खिशात ठेवला, पुन्हा काढला, आणि जेवण होईपर्यंत मांडीवर ठेवून बसला.

दुपारी मी प्लगइन बनवणाऱ्याला लिहिलं. तो कुठल्या देशात राहतो ते मला अजून ठाऊक नाही. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. बटणावर "फोटो मिळवा" कसं आणायचं ते त्याने ओळीओळीने समजावलं होतं. श्राद्धाचं काम कुणाकडून फुकट करून घेऊ नये, म्हणून आई त्याला टॉवेल-टोपी पाठवायला निघाली. मी पत्ता विचारला. त्याने लिहिलं, काही नको, आणखी चुका सापडल्या तर सांगा. दाजींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "असं कसं असतं माणूस?"

आता बरेचसे बैल आपापल्या घरी पोचले आहेत. बाबांच्या फोटोखालची ओळ मी काढलेली नाही. आईच्या ई-मेलवर त्या प्लगइनची पत्रं येतात: पैसे भरा, आणखी सोयी मिळतील. खाली सोयींची लांब यादी असते. आई हसते आणि उठून जाते. मी ती दर वेळी शेवटपर्यंत वाचते. "नक्की कळवू" म्हणालेत ना.