चकतीवरचं कुंकू

"बाय वन, गेट वन," विवानचे वडील म्हणाले. "पोरगी घेतली, बाप फुकट आला."

जीपच्या पलीकडे तिघेचौघे हसले. थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मी अलीकडे दगडावर बसून गुडघ्याला पॅड बांधत होते. त्यांना मी दिसत नव्हते. मला दिसत होता टेकडीचा शेवटचा चढ, आणि त्या चढावरून वर येणारे माझे वडील. खांद्यावर विवानची सायकल. ती त्यांची चौथी फेरी होती.

"श्श," क्लबच्या मॅडम म्हणाल्या. "राव इज अ स्वीटहार्ट. असं नका बोलू."

त्याही हसत होत्या. आवाजावरून कळतं.

मी दुसऱ्या गुडघ्याचा पॅड बांधला. पट्टा घट्ट ओढला.

अप्पांनी सायकल अलगद टेकवली, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि विवानच्या वडिलांना कन्नडमध्ये म्हणाले, "सर, सीट जरा सैल आहे. बघून घ्या." मग पुढची सायकल आणायला खाली गेले.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. डाउनहिलची शर्यत असते, ती मी खेळायचे. डोंगराच्या माथ्यावरून सायकलने खाली यायचं. दगड, मुळं, उड्या, वळणं. घड्याळाविरुद्ध, एकेकाने. आमचा क्लब म्हैसूरबाहेर टी. नरसीपूरच्या रस्त्याला एका खडकाळ टेकडीवर होता. टेकडी मॅडमच्या सासरची. मॅडम गोकुलममध्ये परदेशी लोकांना योग शिकवायच्या आणि रविवारी आम्हाला. माझ्या शाळेतल्या चाचणीत त्यांनी मला निवडलं. फी माफ. सायकल क्लबची. क्लबातल्या बाकीच्या मुलांच्या सायकली त्यांच्या स्वतःच्या होत्या.

अप्पा शहर बस चालवतात. बावीस वर्षं. डेपोत सगळे त्यांना राव म्हणतात, म्हणून क्लबातही ते राव झाले. मला घेऊन पहिल्यांदा टेकडीवर आले तेव्हा ते खाली उभे होते. मी धुळीतून बाहेर आले आणि त्यांच्या समोर थांबले. त्यांनी माझं हेल्मेट हातात घेतलं, आत बघितलं, परत दिलं. घरी सरस्वतीपुरमला पोचलो. दारात आईला म्हणाले, "ही घोड्यावर बसल्यासारखी बसते ग. आपल्या पणजोबासारखी."

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते, असं अप्पा सांगतात. आई म्हणाली, "पणजोबा पडूनच मेले होते. दोघं बापलेक जा डोंगरावर, हाडं मोडून घ्या. मी पट्टी बांधायला बसलेय इथे."

त्या दिवसापासून अप्पांनी आठवड्याची सुट्टी रविवारी बदलून घेतली. सगळ्यात वाईट वळणावर ते उभे राहायचे. खडकांचा उतार, जिथे भीतीने बोटं आपोआप ब्रेकवर जातात आणि ब्रेक धरला की माणूस पडतो. तिथून ओरडायचे, "सोड ग पुट्टी! ब्रेक बिडू! बिडू!" मराठी 'सोड', कन्नड 'बिडू', एकाच श्वासात. आमच्या घरात तसंच बोलतात. मी सोडायचे. ते वळण मी कधी घाबरून उतरले नाही.

क्लबची जीप माथ्यापर्यंत जात नाही. शेवटचा चढ पायी. नियम असा, की ज्याची सायकल त्याने न्यायची. पहिले काही महिने सगळे नेत होते. मी लहानखुरी, म्हणून अप्पा माझी न्यायचे. एकदा कुणाची तरी आई म्हणाली, "राव, येताजाता ही पण घ्या ना." त्यांनी घेतली. मग सगळ्यांच्या. मग फावडं आलं, पावसाने तुटलेली वळणं पुन्हा बांधायला. मग सायकली ठेवायच्या शेडची किल्ली, सर्वांच्या आधी येऊन उघडायला. कुणी हुकूम केला नाही. सगळं "प्लीज" म्हणून, हसून.

घरी मी एकदाच विचारलं, "तुम्ही का उचलता त्यांच्या?"

"तुझी जागा तिथे आहे, अल्वा? हो ना?" ते म्हणाले. "मग? माझं काय जातं? खांदा."

 खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ते कामात असले की माझ्या शेजारी उभे राहायचे नाहीत. त्यांचं ते बाह्या दुमडलेलं खाकी, तो मोठा आवाज. मी लाजायचे. सायकलला तर मी त्यांना हातच लावू द्यायचे नाही. उचला, पण पुसू नका, नट पिळू नका. ते माझं मी बघते, असं सांगितलं होतं. त्यामुळे दोन वर्षं ती सायकल खांद्यावर वाहूनही तिच्यातलं काय कशासाठी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

मग दसरा आला. राज्याच्या निवड चाचणीला दोन आठवडे राहिले होते. क्लबातून दोन नावं जाणार होती. मुलांमध्ये विवान, मुलींमध्ये मी.

आमच्या घरात खंडेनवमी म्हणतात, बाहेर आयुधपूजा. त्या दिवशी म्हैसुरात चाक असलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. डेपोत अप्पांची बस नवरीसारखी सजते. धुवायची, केळीचे खांब बांधायचे, झेंडूच्या माळा, कोहळा फोडायचा, चाकाखाली लिंबू. आणि चाकांना तेलाचं बोट. आधी तेल, मग त्यावर कुंकू. तेल असलं की कुंकू झडत नाही. बावीस वर्षं ते असंच करत आले. बसचा ब्रेक चाकाच्या आत, ड्रममध्ये बंद असतो. बाहेरून काहीही लावा, त्याला लागत नाही.

त्या वर्षी डेपोतली पूजा आटोपून ते टेकडीवर गेले. किल्ली त्यांच्याकडे होती. अकरा सायकली त्यांनी धुतल्या. हँडलला माळा बांधल्या. आणि प्रत्येक चाकाच्या मध्ये जी चकचकीत, भोकाभोकांची पातळ चकती असते, तिच्यावर तेलाचं बोट फिरवून कुंकू लावलं. नंतर मला म्हणाले, "मला वाटलं ती नक्षी आहे."

ती नक्षी नव्हती. तो ब्रेक होता. आमच्या सायकलींचा सगळा ब्रेक त्या उघड्या चकतीवर असतो. तिला बोटाचा घाम लागला तरी आम्ही स्पिरिटने पुसतो. तेल लागलं की ती धरत नाही.

विजयादशमीला सराव होता. अप्पा आणि मी सगळ्यांच्या आधी पोचलो. त्यांनी शेडचं दार उघडलं आणि बाजूला झाले. मी आधी बघावं म्हणून.

अकरा सायकली. बावीस लाल चकत्या.

"छान झालं, अल्वा?" त्यांनी विचारलं.

मला एका क्षणात सगळं कळलं होतं. "हो," मी म्हणाले.

ते जीपमधलं सामान काढायला गेले. मी पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि फडकं काढलं. माझ्या सायकलीच्या दोन्ही चकत्या पुसल्या. पुन्हा पुसल्या. फडकं लाल झालं. हँडलची माळ राहू दिली, त्यांना कळू नये म्हणून. बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त स्पिरिट होतं. माझ्याकडे वीसेक मिनिटं होती. मी दुसऱ्या सायकलीला हात लावला नाही.

का? हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. पुसताना कुणी आलं असतं तर विचारलं असतं, काय करतेस. मग सांगावं लागलं असतं, माझ्या वडिलांना ब्रेक कुठला ते कळत नाही. विवानच्या वडिलांचं हसणं मला आधीच ऐकू येत होतं. मी स्वतःला सांगितलं, दोन वळणांत घासून जाईल. जात नाही. तेल ब्रेकच्या पॅडमध्ये मुरतं. हेही मला माहीत होतं.

मुलं आली. "सो एथनिक!" म्हणून फोटो काढले. कुंकवाच्या चाकांचे जवळून फोटो. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. जीप सुटली. शेवटच्या चढावरून अप्पांनी सायकली वर नेल्या, एकेक. खांद्यावरून, म्हणजे कुणाला ब्रेक दाबून बघायचीही वेळ आली नाही.

पहिला विवान सुटला.

ब्रेकचा आवाज वरपर्यंत आला. किंचाळल्यासारखा. दुसऱ्या वळणावर तो वळलाच नाही. सरळ गेला.

सगळ्यात आधी अप्पा पोचले. विवानचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तो रडत होता, आईला हाक मारत होता. अप्पांनी त्याला हातांवर घेऊन जीपपर्यंत आणलं, हलू न देता, पायाखालची जागा शोधत शोधत. पूर्ण उतारभर त्याच्याशी बोलत होते. "आयतु कंदा, झालं बाळा, झालं, आलोच."

तेल कुणी लावलं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या रविवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मुलं, आईवडील. शेडसमोर योगाच्या चटया गोल मांडल्या होत्या. विवान हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता, कुणाकडेच बघत नव्हता.

मॅडमचा आवाज नेहमीसारखा मऊ. "इथे कुणाला शिक्षा करायची नाही. राग मनात राहू नये, एवढंच. राव, तुम्ही मध्ये या."

अप्पा चटयांच्या कडेला थांबले. चपला काढल्या. मग गोलाच्या मध्ये गेले. हात जोडले. खाकी शर्ट इस्त्रीचा होता, इस्त्री सकाळी त्यांनी स्वतः केली होती.

"तप्पायतु," ते म्हणाले. चूक झाली.

"नीट," विवानचे वडील म्हणाले. "काय चूक झाली, ते सांगू दे. मुलांनाही कळू दे. देवभोळेपणाने माणूस मरतो."

अप्पांनी सांगितलं. तेल लावलं. कळलं नाही. तप्पायतु.

एका आईने फोन वर धरला होता. "जे आले नाहीत त्यांच्या ग्रुपवर टाकते," ती म्हणाली. "पण इंग्लिशमध्ये हवं ना?"

मॅडम लाडाने माझ्याकडे वळल्या. "तू सांग, कन्ना. अप्पा बोलतील, तू ट्रान्सलेट कर. तुझं इंग्लिश किती छान आहे."

तिथे बसलेल्या प्रत्येकाला कन्नड येत होतं.

मी उठून अप्पांच्या शेजारी उभी राहिले. इतक्या जवळ मी त्या टेकडीवर कधी उभी राहिले नव्हते. ते हळू आवाजात, फक्त मला, मराठीत म्हणाले, "सांग बाळ. पटकन सांगून टाक. परवा नाव जायचंय तुझं." मग मोठ्याने, कन्नडमध्ये, "मी अडाणी माणूस. मला अक्कल नाही. माझ्या पोरीला ह्यात धरू नका."

फोन माझ्याकडे वळला.

अडाणी. त्याचं इंग्रजी मला येत होतं. चांगलं इंग्रजी, शाळेने शिकवलेलं, ह्या माणसाने पहाटेच्या पाळ्या करून शिकवलेलं. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी तो म्हटला असता तर चाचणीला माझं नाव गेलं असतं. सगळे उठले असते, कॉफी झाली असती, आणि अप्पा सायकली उचलायला वळले असते. मला तेही दिसलं. ते खरंच वळले असते.

नंतर काय झालं ते इथेच लिहून टाकते. चाचणीला माझं नाव गेलं नाही. सायकल क्लबची होती, ती शेडमध्ये राहिली. अप्पा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "गप्प राहिली असतीस तर निभलं असतं. माझं काय जात होतं?" त्यांचं काय जात होतं हे मी त्यांना अजून समजावू शकले नाही. माझ्याकडे अजून सायकल नाही. मी एका दुकानात सायकली जुळवते, ब्रेक बसवते, आणि एकेक भाग गोळा करते आहे.

पण त्या दिवशी मी फोनकडे बघितलं नाही. इंग्रजीत बोलले नाही. कन्नडमध्ये बोलले, म्हणजे गोलातल्या सगळ्यांना कळेल आणि अप्पांनाही.  मी म्हणाले,

"ह्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सकाळी ते तेल बघितलं, माझ्या चकत्या पुसल्या आणि तुमच्या तशाच ठेवल्या. विवान, तुझं हाड माझ्यामुळे मोडलं. मी तुझी माफी मागते, फक्त तुझी. ह्यांनी तुम्हा कुणाची माफी मागायची नाही. अप्पा, चपला घाला. आजपासून तुम्ही ह्यांची एकही सायकल खांद्यावर घ्यायची नाही. माझीसुद्धा नाही. माझी मी नेईन."