साळ्याची कंबर आन शंभर किलो

आमच्या साळ्यानं उभ्या आयुष्यात सामान घेतल्याशिवाय एकही काम सुरू केलं नाही, आन सामान घेतल्यावर बहुतेक कामं केलीही नाहीत. पेटी शिकायची म्हणून पेटी आणली, तिला मखमलीची खोळ शिवली, खोळीवर नाव भरून घेतलं. त्या पेटीचा पहिला आवाज आम्ही ऐकला तो उंदीर भाता कुरतडत होता तेव्हा. मासे धरायचं मनात आलं तर गळ, टोपी, घडीची खुर्ची घेऊन तळ्यावर गेला आन खुर्ची चिखलात रुतवून परत आला. तहसीलीत बाबू होता. तिथं कागद पूर्ण असल्याशिवाय कोणाचं काम होत नाही, ते त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की स्वतःचं कामसुद्धा सामान पूर्ण झाल्याशिवाय तो हाती घेत नसे. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर लोखंड उचलायचं ठरवलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की बाबा, दुकानदाराचं भलं झालं.

त्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. लोक हसले ती गोष्ट वेगळी.

माझी बुढी, म्हणजे बायको, गेली त्या हिवाळ्यातली गोष्ट. माहेरचं माणूस म्हणून तिला हा एकटाच, पाठचा भाऊ, तिनंच कडेवर वागवलेला, तिला बाई म्हणणारा. तिरडी उचलली तेव्हा पुढचा खांदा त्यानं घेतला. आमच्या कुडवा गावच्या चौकापर्यंतही गेला नाही. कमरेत चमक भरली आन गडी जागच्या जागी विळ्यासारखा वाकला. मागच्या एकानं धावत येऊन खांदा लावला म्हणून बरं, नाही तर बुढी मेल्यावर पडली असती. मंग ह्याला एका ऑटोत आडवा टाकला. पुढं तिरडी, मागं ऑटो, आन ऑटोतून ह्याचे पाय बाहेर. मातीला आलेल्या लोकांना बुढीचं काही आठवत नव्हतं, ऑटो बराबर आठवत होता. तेरवीच्या पंगतीत एकानं विचारलंच, बाबूसाहेब, वापस पण ऑटोनंच जाता का? साळा हसला. पण पान तसंच टाकून उठला आन मागच्या दारी मला म्हणाला, "भाऊजी, बाईले माहेरचा खांदा नाही भेटला. आता ह्याच लोकाईसमोर उचलून दाखवतो."

मी म्हटलं, "आता काय उचलतं? ते तर गेली."

तर ह्यानं काय उचलायचं ते शोधून काढलं. नवा टच मोबाईल घेतला होता, त्यात गोरे लोक लोखंड उचलताना पाहिले. जमिनीवर लोखंडी दांडा पडलेला असतो, दोन्ही टोकांना चाकं. तो धरायचा आन ताठ उभं राहायचं. बस. ह्या खेळाला डेडलिफ्ट म्हणतात. गोंदियात जिल्ह्याची स्पर्धा होते, म्हाताऱ्यांचा गट वेगळा असतो, आन तिथं शंभर किलो उचलायचे असं ह्यानं जाहीर केलं. शंभरच काऊन, विचारलं तर म्हणे, आकडा गोल आहे, अर्जात बरा दिसतो. डॉक्टरनं सांगितलं, ही कंबर पुन्हा गेली तर खाटेवरून उठणार नाही. साळ्याच्या घरवालीनं सांगितलं, पुन्हा गेली तर मी उठवणार नाही. दोघांचंही ऐकून हा बाजारात गेला.

आधी बूट आले. टाचेखाली असा जाडजूड स्पंज की चालला तर पाळण्यासारखा हाले. जिमचा उस्ताद हिंदीभाषी, हाताचा मऊ पण जिभेचा तिखट, त्यानं बोटानं तो स्पंज दाबून पाहिला आन म्हणाला, "बाबूजी, गद्दे पे खड़े होके कोई वजन उठाता है क्या?" मंग पातळ तळाच्या सपाता आल्या. मंग दांडा पायाच्या नळीला घासतो म्हणून गुडघ्यापर्यंतचे मोजे. मंग बैलाला शोभेल असा चामड्याचा पट्टा. उस्तादानं समजावलं होतं की पट्टा पाठ धरत नाही, पोटात श्वास भरून पोट पट्ट्यावर दाबायचं असतं, त्यानं पाठ आपोआप धरली जाते. हा पट्टा घालून तहसीलीत बसू लागला. एखादा शेतकरी सातबारा मागायला आला की हा आधी श्वास भरे, पोट दाबे, आन मंग "उद्या या" म्हणे. हातावर लावायला पांढरी पूड लागते असं कोणी सांगितलं, तर घरातली गुलाबाच्या वासाची पावडर घेऊन गेला. दांडा हातातून असा निसटला की उस्ताद उडी मारून बाजूला झाला. दिवसभर ती जिम न्हाऊ घातलेल्या लेकरासारखी वास मारत होती.

सामान पूर्ण झालं तेव्हा उस्तादानं ह्याच्या हातात बांबूची काठी दिली. लोखंडाला हात लावायचा नाही, आधी वाकणं शिक. घरवालीनं घरात वाकू दिलं नाही, म्हणून साहेब रोज संध्याकाळी माझ्या आंगणात. पाय दांड्याखाली, दांडा नळीला चिकटून, कुल्ले मागं, छाती वर, श्वास पोटात, आन मंग हातानं ओढायचं नाही, पायानं जमीन ढकलायची. मी म्हटलं, जमीन ढकलून जाते कोठं? तर म्हणे, भाऊजी, तुम्ही फक्त पाठ पाहा. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडं. मी खाटेवर बसायचं आन ती गोल झाली की "वाकली" म्हणायचं. शंभरदा म्हटलं असेल. चहा मीच करायचो, पाणचट व्हायचा, हा मुकाट्यानं प्यायचा. बुढी असती तर त्याचं ते वाकणं पाहून हसून हसून मेली असती. खोटं कायले सांगू, दुपार कलली की मी फाटकाकडं पाहत राहायचो.

पुढं पुढं तो दुसऱ्यांनाही शिकवू लागला, आन तेव्हा लोक त्याला टाळू लागले. लग्नाच्या पंगतीत कोणी वरण वाढायला वाकला की हा ओरडे, कंबर मोडू नका, कुल्ले मागं घ्या. वाढणारा दचके आन वरण तिसऱ्याच्याच पानात. घरी पाण्याची बादली उचलायची तरी आधी पाय मोजून ठेवणार, छाती काढणार, श्वास भरणार. घरवाली म्हणे, बादली हाये ते, लग्न नाही लावून राहिले तुम्ही.

आमच्याकडं धानाच्या खळ्यावर कोणी चप्पल घालून चढत नाही. काठावर काढायची, जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा, मंग पाय ठेवायचा. ह्या बाबूनं जन्मात धान झोडला नाही, पण तेवढं बापाकडून उचललेलं. जिममध्येही लोखंड उचलायच्या फळीवर अनवाणी चढे. उस्तादाला वाटलं, सराव आहे, चालतं. कोणीच काही बोललं नाही, आन तिथंच घात झाला.

स्पर्धेच्या दिवशी कुडव्याची मंडळी झाडून आली होती. खेळाची आवड म्हणून नाही. ऑटो पुन्हा लागतो का ते पाहायला. एक शहाणा खरंच ऑटो घेऊन आला होता आन दारात उभा करून आत बसला. साळा आला तो अंगाला चिकटलेला एकसंध कपडा घालून, मोज्यात सीताफळ भरावं तसा. लोक हसले. मीही हसलो. सपाता नव्या, पिशवीतून काढून घातलेल्या. फळीच्या काठाशी आला, सपाता काढल्या, जोडीनं ठेवल्या, फळीला हात लावून कपाळाला लावला, आन अनवाणी जाऊन शंभर किलो सरळ पाठीनं उचलले. पाठ मी पाहत होतो, जराही वाकली नाही. तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले. पायात काही नसलं तर उचललेलं धरत नाहीत, असा नियम. हा पंचाला सांगून राहिला, यावर पायतन घालून कसा चढू साहेब? पंच म्हणे, नियम तुमच्यासाठी वेगळा आहे काय? जन्मभर लोकांना नियम दाखवणारा माणूस, मान खाली घालून खाली आला.

दुसऱ्या खेपेला सपाता घालून चढला, पण सारं ध्यान सपातांत. उचललं, आन पंचाचा हात खाली येण्याआधीच ठेवून दिलं. पुन्हा लाल. तहसीलीत लोकांना दिवस दिवस बसवून ठेवणाऱ्याला एका हुकमापुरतं थांबता आलं नाही. मागून कोणी म्हणालं, ऑटो चालू कर रे. मला हसू आलं नाही ह्या वेळी. तिनांतली आता एकच खेप उरली होती. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "भाऊजी, पाठ पाहा."

तिसऱ्यांदा तो सपाता घालून चढला, पण कपाळाला हात लावायला चुकला नाही. पाय ठेवले, कुल्ले मागं, छाती वर. दांडा जमिनीवरून निघाला, नळीवरून, गुडघ्यावरून, मांडीपर्यंत आला, आन हा ताठ उभा राहिला. ऑटोवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. पंचानं हात खाली केला, म्हणजे ठेवा आता. ह्यानं ठेवलं नाही. पंच मोठ्यानं बोलला, तरी ठेवलं नाही. उस्ताद हाका मारू लागला, छोड़ो बाबूजी, हो गया. चेहरा लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे समोर, आम्ही कोणी दिसतच नव्हतो त्याला. तो तिथं नव्हताच, हे फक्त मला कळलं. तो कुडव्याच्या चौकातून पुढं निघाला होता.

मी खुर्चीवरून उठलो आन फळीच्या काठाशी गेलो.

"ठेव बापा आता," म्हटलं. "पोचली बाई."

मंग त्यानं ठेवलं. हळू, दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता. दिवे कोणत्या रंगाचे लागले ते मला विचारू नका. मी पाहिले नाहीत.