डब्याचे पंचवीस ठोके

आमच्या सुरिगावच्या किनाऱ्यासमोरच्या त्या लाल बेटावर कुणी राहत नाही. निकेलची माती जहाजात भरायची आणि दिवस मावळायच्या आत माझ्या होडीतून घरी परतायचं. बेट न दिसणाऱ्यांचं, तिथल्या अदृश्य रखवालदारांचं आहे. पाय टेकताना "वाट द्या" म्हणायचं आणि जोरात ठोकाठोकी करायची नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो.

पेलाहिया माती तपासायची. नियम असा: डब्यात माती भरून डबा कठीण जागी पंचवीस वेळा आपटायचा. वर पाणी आलं, तर माती ओली. ओली माती समुद्रात हलून पातळ होते आणि जहाज कलंडतं. पण पेलाहिया डबा गोणपाटावर ठोकायची, तोही हळूच. न दिसणाऱ्यांची झोप मोडायला नको. मीही तिला शहाणी म्हणायचो. दोघेही मूर्ख.

त्या दिवशीच्या जहाजावर तिचा मुलगा जुनरी खलाशी होता. सकाळपासून बाईचे पाय जमिनीवर नव्हते. त्या आनंदात ती डबा रिकामा करायचा विसरली आणि परतताना तो तसाच होडीत, इंजिनाशेजारी ठेवला. माझं इंजिन म्हणजे दमेकरी म्हातारा, सगळी होडी हलवतं. अर्ध्या वाटेत तिनं डब्यात पाहिलं. मातीवर बोटभर पाणी उभं होतं.

तिचे ओठ पांढरे पडले. जहाज तासाभरात सुटणार होतं.

"होडी वळव, दादा," ती म्हणाली. "माझं पोर त्यात आहे."

जहाजाच्या शिडीवर ती इतक्या घाईनं चढली की मी मागून हात लावून उभा होतो. कप्तान आधी हसला. मग तिनं त्याच्यासमोर जहाजाच्या पोटातली माती डब्यात भरायला लावली आणि लोखंडी डेकवर सगळा जीव एकवटून डबा आपटायला लागली. तेराव्या ठोक्याला पाणी चमकलं. कप्तानाचं हसू गेलं. त्यानं नांगर उचलणं थांबवलं आणि माती उतरवा म्हणून किनाऱ्याला कळवलं.

जुनरीनं तिला मिठी मारली. "आई, आज तुझ्यामुळे वाचलो आम्ही."

मला वाटलं, आता तरी तिचा जीव भांड्यात पडेल. पण तिनं त्याला दूर धरलं.

"गेल्या महिन्यातलं निळं जहाज," ती म्हणाली. "त्याच्या आचाऱ्यानं मला दोरीनं संत्री सोडली होती. त्याचीही माती मीच तपासली होती. पोचलं ना रे ते?"

सगळ्या समुद्राच्या बातम्या खलाशांना असतात. जुनरीनं तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि डोक्यावरची टोपी उतरवली.