मटिल्डाबायचं मुसळ

पापडी गावच्या मटिल्डाबायचा नवरा गेला ते साल १९५१. चर्चमध्ये त्याची महिन्याची मिस्सा झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या धाकट्या जावेने, रेजिनाने, सामाईक विहिरीला कुंपण घातलं. मटिल्डाच्या केळी पाण्यावाचून तिच्या डोळ्यांदेखत करपल्या. छातीत असा दगड बसला, की घास उतरेना आणि डोळ्याला डोळा लागेना.

शेजारची म्हातारी आंजेलबाय म्हणाली, “राग पोटात ठेवशील तर तोच तुला खाईल. ऊठ, माझी मिरची कुटून दे.”

मटिल्डाने मुसळ उचललं. पहिला घाव घातला, “हा रेजिनाच्या नाकावर!” दुसरा तिच्या कुंपणावर. अंग घामाने निथळलं, डोळ्यांना धारा लागल्या. मिरचीच्या नावाखाली पोटभर रडूनही झालं, कुणी का म्हणून विचारलं नाही. त्या रात्री बाई चक्क घोरली.

मग गावभरची मिरची तिच्याच उखळात येऊ लागली. तिच्याइतका बारीक मसाला दुसऱ्या कुणाला जमेना. कसा जमेल? त्यांना रेजिनासारखी जाऊ कुठे होती!

पुढच्या मे महिन्यात रेजिनाच्या लेकीचं लग्न ठरलं. तशी रेजिना स्वतः डोक्यावर मिरचीचं टोपलं घेऊन आली. “कुंपण काढते, बाय. झालं गेलं विसर, मला माफ कर. लग्नाचा मसाला मात्र तूच कूट.”

मटिल्डाने टोपलं उतरवून घेतलं आणि मुसळ हाती धरलं.

“कुंपण आजच काढ. माफीचं मसाला झाल्यावर बघू. आत्ताच माफ केलं, तर तुझी मिरची बारीक कशी व्हायची गं?”