सैल केलेली टोपी

टोपीखाली केस चपटे होऊ नयेत म्हणून काय काय करावं लागतं, हे मला पाठ आहे. केस ओले असताना टोपी घालायची नाही. ओले केस दाबले गेले की संध्याकाळपर्यंत तसेच वाळतात, मग कंगव्याचं काही चालत नाही. भांग रोज डावीकडे असेल तर टोपी घालण्याआधी उजवीकडे पाडायचा. टोपी काढल्यावर केस परत डावीकडे घेतले की मुळाशी उभे राहतात. टोपीच्या आत साटीनचा रुमाल बांधायचा. टाळूवरचे केस सैल वळवून दोन पिनांनी वर धरायचे आणि सुटी झाल्यावर मुळांशी चिमूटभर पावडर चोळायची. हे सगळं मी आमच्या पॅकिंगमधल्या बायांना हसत हसत सांगितलं आहे. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितली नाही. माझ्या टोपीचं इलॅस्टिक मी घरी उसवून सैल करून घेतलं होतं.

शहराबाहेर कारखान्यांच्या भागात, उरल्याला, रोलिंग मिलांच्या मधे एका शेडमध्ये नमकीनचं पॅकिंग चालतं. शेव, मिक्सचर, भुजिया. बाहेर लोखंडाची धूळ, आत बेसनाची. मी तिथं सुपरवायझर आहे. सकाळी आठला दारात उभं राहून प्रत्येक बाईची टोपी बघायची, कान झाकलेत का, केस बाहेर आलेत का, आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे बरोबरची खूण करायची, हे माझं पहिलं काम. माझी टोपी बघायला कुणी नसतं.

सैल टोपी मला काहून लागत होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा मला हे काम मिळालं. त्याच्या घरचे सगळे सरकारी खात्यातले, रेल्वेतले. शंकर नगरला मोठ्या भावाकडे गेलो असताना तो चहा घेता घेता बोलून गेला, "हिची लागली उरल्याला. ऑफिसात." मी शेजारीच बसले होते. खोटं त्यानं सांगितलं आणि ते खोडलं नाही मी. मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्यांनी लगेच शेजारणीला ऐकवलं, "आमची धाकटी कंपनीत कॉम्प्युटरवर आहे." त्यांच्या घरच्या बायकांनी हातमोजे घालून शेव भरायची, हे त्यांना चाललंच नसतं. मलाही कुठं चालत होतं?

सासूबाई शंकर नगरलाच राहायच्या. त्यांना रोज संध्याकाळी इन्सुलिन द्यावं लागे. वहिनींचा हात सुईपाशी थरथरायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सुटी झाली की शेअर ऑटो, मग दुसरा ऑटो, आणि थेट त्यांच्या दारात. घरी जाऊन केस धुवायला वेळच नसायचा. टोपीनं बसलेले केस आणि कपाळावरचा इलॅस्टिकचा लाल वळ घेऊन मी त्यांच्या भरपूर उजेडाच्या खोलीत जायची. सुरुवातीच्याच दिवसांत वहिनी म्हणाल्या,

"काहून वं, केस असे चिपकले? ऑफिसात टोपी घालून बसवतात काय तुले?"

त्या थट्टेत बोलल्या होत्या. सासूबाईही हसल्या. मी म्हटलं, "घाम आला वहिनी, पंखा बंद होता." स्कूटी चालवत असते तर हेल्मेटवर ढकलता आलं असतं. पण मी ऑटोनं येते हे त्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलं की नाही, मला ठाऊक नाही, पण मला वाटलं बघितलं. रुमाल, पावडर, पिना, भांग, हे सगळं तेव्हापासूनचं. कपाळावरचा वळ त्यानं जात नव्हता. म्हणून इलॅस्टिक.

त्या सैल टोपीत मी दीड वर्ष काढलं. शंकर नगरला कुणी केसांवरून बोललं नाही. एकदा वहिनींनी मलाच विचारलं, "पार्लरमध्ये जातेस काय वं आजकाल?" मला इतकं बरं वाटलं की ऑटोत बसल्यावर मी आरशात स्वतःला बघत होते.

मग सदर बाजारच्या एका दुकानातून शेवेचं एक पाकीट परत आलं. पाकिटाच्या वरच्या सीलमध्ये केस अडकला होता. थोडा आत, थोडा बाहेर, मधला प्लास्टिकमध्ये वितळून बसलेला. पाकिटावर तारीख, टेबलाचा नंबर आणि पाळी छापलेली असते. टेबल दोन, सकाळची पाळी. त्या टेबलावर सहा बाया होत्या.

मॅनेजर चिडले होते. चिडणारच. त्यांनी पाकीट उजेडात धरलं, कात्रीनं सीलची पट्टी कापली, केस ओढला. तो तुटला. लांब भाग त्यांच्या बोटात आला आणि सीलची पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली, "फेंको इसको." पट्टीत केसाचं मूळ होतं, नखाएवढं पांढरं. पुढचा सगळा केस काळा, डाय केलेला.

त्या टेबलावर डाय करणारं कुणी नव्हतं. डाय मी करते, महिन्यातून एकदा, आणि त्या दिवसांत तो उतरत आला होता. ते पाकीट भरलं त्या सकाळी सील मारणारी बाई हात धुवायला गेली, तेव्हा पंधरा मिनिटं तिच्या मशीनवर मी बसले होते, हेही मला त्याच क्षणी आठवलं. मी मूठ मिटली.

"सब लाइन से खड़े हो जाओ," मॅनेजर म्हणाले. "टोपी उतारो. मैडम, आप ये बाल पकड़ो और एक-एक की चोटी के पास लगाओ."

म्हणजे केस मोजायला मलाच उभं केलं. माझाच केस, माझ्याच हातात. मी पहिलीपाशी गेले. तिची वेणी कमरेपर्यंत. केस खांद्याच्या खालीसुद्धा पोचत नव्हता. मॅनेजर म्हणाले, "नहीं, आगे." दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांच्या लांब वेण्या. पाचवी धमतरीवाली.

आमच्याकडे बायांना त्यांच्या माहेरच्या गावानं हाक मारतात, म्हणून ती धमतरीवाली. तिला आदल्या वर्षी टायफॉइड झाला होता, केस मुठीनं गेले होते, नवे आले ते नुकते खांद्यापर्यंत पोचले होते. त्या खोलीत खांद्यापर्यंत केस दोघींचेच. तिचे आणि केस धरून उभी होती तिचे.

मी तिच्या कानापाशी केस धरला. मी काही बोलले नाही. "हाच" असं म्हटलं नाही, शपथेवर सांगते. बाकीच्यांपाशी हात लगेच खाली घेतला होता, तिच्यापाशी घेतला नाही. दोन श्वास. जास्तीत जास्त तीन. तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "यही है."

सहावीकडे कुणी गेलंच नाही.

धमतरीवाली मॅनेजरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मोर टोपी ला तो तुमन रोज देखथव न, दीदी?"

माझी टोपी तर तुम्हीच रोज बघता ना. रजिस्टरमध्ये त्या दिवशी तिच्या नावापुढे माझ्याच हातची बरोबरची खूण होती. तिला एवढंच म्हणायचं होतं की दीदी, तुम्ही सांगा ना यांना. मी म्हटलं, "बघते, पण दिवसभरात सरकते कधी." त्याच दिवशी तिला काढलं. मी पट्टी संडासात टाकली, पाणी ओतलं, ती परत वर आली, परत ओतलं.

संध्याकाळी शंकर नगरला गेले. सासूबाईंना सुई दिली. वहिनींनी पोहे केले होते. खाल्ले.

घरी येऊन इलॅस्टिक पुन्हा घट्ट शिवलं, आता करून काय उपयोग होता, तरी शिवलं. तीन आठवड्यांत वहिनींनी विचारलं, "कपाळावर हे काय वं, रेघ कसली?" मी म्हटलं, "झोपेत उशीचा वळ पडला." संध्याकाळच्या सहा वाजता. त्यांनी पुढे विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं की त्या रेघेनं काही बिघडणारच नव्हतं. कदाचित तेव्हा, सुरुवातीला, बिघडलंही असतं. आता ते तपासायची सोय उरली नव्हती. सकाळी दारात टोप्या बघायला उभी राहिले की पाचव्या नंबरला एक नवी पोट्टी यायची, तिचे कान झाकलेत का मी बघायची आणि खूण करायची. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. सोडून काय सांगणार होते, आणि कुणाला?

काही महिन्यांनी धमतरीवाली दिसली ती आमच्या शेडच्या बाहेरच्या चहाटपरीवर. मी ओळखलं नाही आधी. डोक्यावर पदर होता, तो वाऱ्यानं सरकला आणि खाली गड्यासारखे कापलेले केस. बोटभरही नाहीत. तिनंच हाक मारली, "दीदी!" जुन्यासारखी.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

ती डोक्यावरून हात फिरवत हसली. "अब एको ठन नइ गिरय, दीदी."

आता एकही गळणार नाही. तिला खरंच वाटत होतं की तो केस तिचा होता. टायफॉइडनंतर केस कच्चे झाले, गळत असतील, आपल्याला कळलं नसेल. पलीकडच्या गल्लीत पापडाचं पॅकिंग आहे, तिथं जागा होती, पण तिथल्या माणसानं जुन्या ठिकाणी विचारून घेईन म्हणून सांगितलं होतं. म्हणून ती माझी वाट बघत उभी होती. त्याचा फोन आला तर दीदीनं दोन चांगले शब्द बोलावेत.

मी म्हटलं, "हव, बोलते." त्याच वेळी सांगायला हवं होतं. तिचं डोकं बघितलं आणि मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मशीनांचा आवाज, म्हणून मी दाराशी गेले. माणूस घाईत होता.

"काम में कैसी है?"

"अच्छी है."

"सफाई में?"

"सबसे अच्छी."

"तो निकाला क्यों?"

"पैकेट में बाल निकला था."

"उसका?"

मला खोटं सांगता आलं असतं. "पता नहीं" म्हणता आलं असतं, तेवढ्यानं तिला काम मिळालंही असतं. मी म्हटलं, "मेरा था."

मग तो म्हणाला, "आपका? आप तो अभी वहीं हो न?"

"हाँ."

"अच्छा... अच्छा," असं दोनदा म्हणून त्यानं फोन ठेवला. इतके महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी माणसापुढे बाहेर पडलं आणि त्याला त्याचं काय करावं ते कळलं नाही. तिला त्यानं ठेवून घेतलं.

मी मॅनेजरांकडे गेले, उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "मैडम, हो गया सो हो गया. अब उसको वापस बुलाऊँ तो सब बोलेंगे मैनेजर अंधा है. आप भी चुप, मैं भी चुप. जाओ, लाइन देखो." मला काढा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "नया सुपरवाइज़र आप ढूँढ के दोगी?" आणि फोन उचलला. मी परत लाइनवर आले.

उरली ती धमतरीवाली. चार दिवसांनी जेवणाच्या सुटीत त्याच टपरीवर ती भेटली, नव्या ठिकाणच्या दोघी-तिघी सोबत होत्या. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. केस माझा होता, तुझा नव्हता, पहिल्यापासून मला माहीत होतं. एका दमात, हिंदीत, तिला नीट कळावं म्हणून.

तिचा हात डोक्यावर गेला. कापलेल्या केसांवर तो तसाच राहिला. शिव्या देईल असं वाटलं, द्यायला हव्या होत्या. तिनं विचारलं, "त ओ दिन काबर नइ बोलेव?"

त्या दिवशी काहून नाही बोललात? मी म्हटलं, माझी टोपी सैल होती, ते निघालं असतं. सैल काहून? घट्ट टोपीनं केस चपटे होतात. तर मग होऊ द्यायचे, तिला समजेना. शेवटी मला जाऊबाईंचं सांगावं लागलं. घरी ऑफिस म्हणून सांगितलंय, त्या केस बघतात, त्यांना कळलं असतं.

"जेठानी?" ती म्हणाली. "जेठानी के डर?"

"हव."

मग ती हसायला लागली. खोटं हसू नव्हतं ते, पोटातून येत होतं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिला स्वतःला तीन जेठान्या आहेत, हे मला माहीत होतं. ती वळून सोबतच्या बायांना म्हणाली, "सुनत हव? दीदी ला अपन जेठानी के डर रिहिस!" त्यांना आगापिछा माहीत नव्हता, त्याही हसल्या. एकीनं मला विचारलं, "बहुत मारती है क्या दीदी, जेठानी?" परत सगळ्या हसल्या. धमतरीवालीनं पदर डोक्यावर घेतला, चहाचा ग्लास ठेवला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्याबरोबर गल्लीत निघून गेली.

सुटी संपायला अजून दहा मिनिटं होती. मला कुठं जायचं नव्हतं. टपरीवाल्यानं मला चहा दिला होता, तो मी धरून उभी राहिले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं.